आडनाव विचारणारा माणूस

पहिल्या भेटीत आडनाव विचारणाऱ्या माणसाशी माझं कधी जमलेलं नाही. पुण्यात शाळेपासून नोकरीपर्यंत हा प्रश्न मला इतक्या गोड आवाजात विचारला गेला आहे, की तो गोडवा नुसता आठवला तरी डोकं तडकतं. 'सुजाता, छान नाव. आडनाव काय?' कांबळे म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे येतं आणि लगेच झाकलं जातं, ते वाचायला मी बाराव्या वर्षीच शिकले होते. ते सगळं मागे टाकून आम्ही ख्राइस्टचर्चला आलो, हॉर्नबी या उपनगरात एक युनिट, म्हणजे रांगेतलं बैठं घर, घेतलं, आणि सामान उतरवत असताना शेजारच्या युनिटमधून एक बुटका, रुंद म्हातारा बाहेर आला. हॅलो नाही, कसे आहात नाही. म्हणाला, "आडनाव?"

"कशाला हवंय?" मी म्हणाले.

"आधीच्या बाईची पत्रं माझ्या पेटीत यायची. शिवाय ज्याचं आडनाव माहीत नाही तो माणूस मला अर्धा वाटतो."

आवाज गोड नव्हता, एवढंच बरं. मी सांगितलं. त्याने ते दोनदा घोळवून पाहिलं आणि मग स्वतःचं सांगितलं: एलिसेओ बारिएन्तोस किरोगा. आणि आत निघून गेला. वयाने माझ्या बाबांएवढा, पण या माणसाला मी मनातसुद्धा कधी अहो-जाहो केलं नाही. रोज भांडायचं आणि वर अहो म्हणायचं, हे मला जमत नाही.

भांडण कचऱ्याच्या बिनांवरून सुरू झालं. इथे लाल, पिवळी, हिरवी अशा तीन बिना, आणि पिवळ्यात बाटली टाकताना झाकण काढून टाकायचं असतं. मी नवीन होते, टाकली तशीच. दुसऱ्या दिवशी ती बाटली माझ्या पायपुसण्यावर उभी होती आणि झाकण शेजारी काढून ठेवलेलं. माझ्या फोडणीचा वास भिंतीतून येतो म्हणून त्याने एकदा दार वाजवलं. मी म्हटलं, तुझ्या रेडिओचा आवाजही भिंतीतूनच येतो. त्याने घरी जाऊन रेडिओ मोठा केला.

तो चिले देशातल्या ओसोर्नो नावाच्या गावचा. तिकडे लष्कराचं राज्य आलं तेव्हा विशीत पळून इकडे आलेला. इथल्या फ्रीझिंग वर्क्समध्ये, म्हणजे मांसाच्या कारखान्यात, तीस वर्षं सुरी चालवलेली. डाव्या तर्जनीचं टोक तिथेच गेलं होतं. मनगटं जाड, मान आखूड, थंडीतही मोज्यांवर जँडल्स, म्हणजे रबरी चपला. त्याच्या इंग्रजीत निम्म्या शिव्या कारखान्यातल्या आणि निम्म्या त्याच्या गावच्या.

मिलिंदने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, एक दिवस बातमी आणली. "अगं, तुझे ते काका आहेत ना, ते गे आहेत म्हणे. पार्टनर होता, खूप पूर्वी वारला." भिंत पातळ आहे म्हणून तो हे जवळजवळ कुजबुजला.

मी काय म्हणाले ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हणाले, "छे! तसली माणसं किती नीटनेटकी असतात, हसतमुख असतात. हा कुठला?"

हे मला कुणी शिकवलं होतं? पिक्चरने. पुढे ओळख वाढल्यावर मी हे एलिसेओला सांगितलं, म्हटलं जरा हसेल. तो हसला नाही. माझ्या ओट्यावर दोन्ही मुठी टेकून म्हणाला, "आणि माझ्यासारखा, तिकडचा माणूस पिक्चरमध्ये कसा असतो, तेही सांगतो. शर्टाची तीन बटणं उघडी. ग्लास भरत असतो, भांडी घासत असतो, नाहीतर नाचत असतो. गोरा हीरो त्याच्याबरोबर एक उन्हाळा काढतो आणि त्याला स्वतःचा शोध लागतो. मग आमचा मरतो. मरायला वेळ नसेल तर त्याला विमानात घालून परत पाठवतात. हीरो समुद्राकडे बघत बसतो. संपलं. पुस्तकांतही तेच, फक्त समुद्राची दोन पानं जास्त."

ही ओळख वाढायचं कारण म्हणजे त्याचे डोळे. मधलं दिसेनासं झालं होतं, कडेचं दिसायचं. लायसन्स गेलं. एका दुपारी दार वाजलं. "तुझ्याकडे गाडी आहे. माझ्याकडे डोळे नाहीत. गुरुवारी सिनेमा आहे." प्लीज वगैरे काही नाही. मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण मिलिंदच्या हॉस्पिटलच्या शिफ्टा चालू होत्या, घर खायला उठायचं, आणि मला या गावात अजून एकही मैत्रीण नव्हती. मी गेले.

कम्युनिटी हॉलमध्ये दर महिन्याला गे लोकांच्या इतिहासावरचा एक सिनेमा दाखवायचे. त्या दिवशीचा अमेरिकन होता. मोर्चे, पोलिस, हीरोची तडफ, सगळं होतं, आणि पेपे नावाचा एक देखणा पोरगा होता. बटणं उघडी होती. एलिसेओ नाक पुढे करून, मान वाकडी करून डोळ्याच्या कडेने पाहत होता. पेपे पहिल्यांदा खोकला तेव्हा तो मला म्हणाला, "चला, पॅकिंग सुरू झालं." पेपे अर्ध्यातच मेला. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

नंतर चर्चा. हॉलमधली माणसं भली होती, डोळे पुसत होती. संयोजकाने विचारलं, कोणाला काही बोलायचंय? एलिसेओ उठला. "पेपेचं आडनाव काय?"

कुणालाच माहीत नव्हतं.

"हीरोच्या घरमालकिणीला नाव-आडनाव आहे. त्याच्या कुत्र्याला नाव आहे आणि जात आहे. पेपे कुठून आला? त्याची आई काय म्हणाली? तो आजारी होता तेव्हा त्याला कुणी आंघोळ घातली? हीरो तर मोर्चात होता."

"एलिसेओ, मला वाटतं सिनेमाचा मुद्दा तो नाहीये," संयोजक शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाला.

"नाहीच आहे. तेच तर सांगतोय."

परत येताना मी त्याला झापलं. म्हटलं, ती माणसं तुझ्याच बाजूची आहेत, त्यांच्यावर कशाला डाफरतोस? तो म्हणाला, दुसऱ्या बाजूच्या लोकांकडून माझी काही अपेक्षाच नाही.

मग लायब्ररीचं प्रकरण झालं. लायब्रेरियनबाईंनी त्याला बोलावून घेतलं होतं आणि गाडी माझी, म्हणून मीही. बाईंनी टेबलावर तीन जाड पुस्तकं ठेवली. तिन्ही गे चळवळीच्या इतिहासाची, परदेशातली. जिथे जिथे 'बारमधला एक मेक्सिकन तरुण', 'त्याचा क्यूबन मित्र', 'पोर्तोरिकन पोरांचा घोळका' असं काही होतं, तिथे समासात पेन्सिलीने मोठ्या वाकड्या अक्षरांत नावं लिहिलेली. नुसती नावं नाहीत. 'हा लुईस आल्बेर्तो रोसास मेदीना. शिंपी. मोठी बहीण शिक्षिका.' 'हा सेगुंदो मान्सिया सोतो. पोहायला भीत असे.'

"तू या सगळ्यांना ओळखत होतास?" मी विचारलं.

"मी कसा ओळखणार? पण कुणीतरी ओळखत होतं ना?"

"मग ही नावं?"

"माझ्या शाळेची हजेरी. ओसोर्नो, चौथी इयत्ता. सगळी पाठ आहे मला. नावं अशी पडून आहेत, वापरली."

बाईंना हसू येत होतं, पण नियम म्हणजे नियम. पुस्तकं साफ करून द्या, नाहीतर कार्ड बंद. एलिसेओने हाताची घडी घातली. मग काय, रबर माझ्या हातात. दीड तास मी खोडत होते आणि प्रत्येक नाव खोडण्याआधी तो ते मोठ्याने वाचायला लावत होता, भर लायब्ररीत. माझा हात दुखला, लोक बघायला लागले, आणि गाडीत बसल्यावर माझा तोल गेला. मी त्याला म्हटलं, तुझं हे आडनावांचं वेड पुरे. आमच्याकडे आडनाव माणूस कळावा म्हणून विचारत नाहीत, त्याला कुठे बसवायचं ते ठरवायला विचारतात. माझ्या आत्तेभावाने आडनाव बदललं तेव्हा कुठे त्याला भाड्याने खोली मिळाली.

तो म्हणाला, "आणि तुमच्या सिनेमात? तुमची माणसं?"

"असतात. मार खायला. नाहीतर नायकाचा चांगुलपणा दाखवायला."

"आडनाव असतं?"

"बहुतेक नसतं."

"मग तुला सगळं कळतं," तो म्हणाला. "कळतं आणि तरी तू खोडत बसलीस." असा माणूस. रबर घ्यायला नकार त्याने द्यायचा आणि अपराधी मी.

त्याच्या घरात मी पहिल्यांदा गेले ते त्याचा हीटर बिघडला तेव्हा. भिंतीवर फक्त एक फोटो होता, जुन्या वर्तमानपत्रातला, मोठा करून घेतलेला. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा इथला कायदा बदलावा म्हणून माणसं रस्त्यावर उतरली होती, त्या काळातला. शहरातल्या चौकात गर्दी आणि पुढे एक बॅनर. डावं टोक धरलेला उंच गोरा माणूस. उजवं टोक धरलेला लहानखुरा, सावळा, डोळे मिटून हसणारा. हा रूबेन, एलिसेओचा वारलेला पार्टनर.

तो गोरा, जेफ्री नावाचा, पुढे मोठा झाला. कायदा बदलला, त्याची भाषणं झाली, आणि तो फोटो इथल्या इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात गेला. खाली लिहिलेलं असायचं, 'जेफ्री आणि मित्र'. एकाने तर आणखी पुढे जाऊन 'जेफ्री आणि त्याचा लॅटिन प्रियकर' असं छापलं.

"रूबेन त्याला ओळखतसुद्धा नव्हता!" एलिसेओ टेबलावर हात आपटत म्हणाला. "बॅनर रूबेनने शिवला. हॉस्पिटलच्या लाँड्रीत होता तो. तिथल्या दोन फाटक्या चादरी जोडून घरच्या मशीनवर शिवला. दुसरं टोक धरायला माणूस नव्हता म्हणून हा गोरा येऊन उभा राहिला. दहा मिनिटं! आणि माझा माणूस त्याचा प्रियकर झाला."

"दुसरं टोक तू का नाही धरलंस?" माझ्या तोंडून गेलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "कारखान्यात होतो. रजा मागितली असती तर का ते विचारलं असतं. मी भ्यायलो."

रूबेन त्यानंतर काही वर्षांनी एड्सच्या आजारात गेला, तेव्हा औषधं नीटशी नव्हती. एलिसेओने त्याला न्हाऊमाखू घातलं, भरवलं, आणि कारखान्यात सांगितलं की घरातला भाडेकरू आजारी आहे. हे तो सांगत होता तेव्हा मला त्याचा पहिल्यांदा राग आला नाही. त्याला ते कळलं असावं, कारण त्याने लगेच मला हाकललं.

मग टेसा आली. तिशीतली, शहराच्या गे इतिहासावर माहितीपट करणारी. सोबत छोटं पुस्तकही निघणार होतं. मुलगी गुणी होती. एलिसेओने तिला पहिल्या दिवशी दारातच उभी ठेवून दोन तास ऐकवलं, तरी ती दुसऱ्या दिवशी परत आली. तिने कॅमेऱ्यासमोर सगळं बोलून घेतलं आणि शब्द दिला, फोटो येईल तेव्हा खाली रूबेनचं नाव येईल, पडद्यावर आणि पुस्तकातही.  ती गेल्यावर ड्राइव्हवेवर येऊन एलिसेओने माझी हिरवी बिन स्वतःहून आत ओढून ठेवली. त्या आठवड्यात आम्ही एकदाही भांडलो नाही.

टेसाने ऑनलाइन फॉर्म पाठवला. त्याला दिसेना, म्हणून मी भरायला बसले. मी बांधकामाच्या ऑफिसात परवानग्यांचं काम बघते, दिवसभर फॉर्मच भरत असते. नाव, मधलं नाव, शेवटचं नाव. एलिसेओ माझ्या मागे उभा राहून सावकाश म्हणाला, "रूबेन. कार्कामो. विदाल." मी तीन रकान्यांत तीन शब्द टाकले. हात थांबला नाही, कारण थांबण्यासारखं काही दिसलंच नाही. सुजाता मिलिंद कांबळे, माहेरचंही आडनाव कांबळेच. मिलिंद विलास कांबळे. आपल्याकडे मधलं नाव बापाचं नाहीतर नवऱ्याचं, शेवटचं आडनाव. जन्मापासून प्रत्येक फॉर्म असाच भरलेला.

"नीट लिहिलंस?" त्याने विचारलं.

"तीनदा तपासलं," मी म्हणाले आणि पाठवून दिलं.

टेसाचा सिनेमा एका रविवारी दुपारी होता, शहरातल्या एका हॉलमध्ये. एलिसेओ सूट घालून आला. दाढी करताना दोन ठिकाणी कापून घेतलं होतं. अर्ध्या तासाने तो फोटो आला. पडदाभर. रूबेनचं मिटलेल्या डोळ्यांचं हसू केवढं मोठं झालं होतं! खाली अक्षरं आली. मी एलिसेओचा हात दाबला, "आलं, नाव आलं."

"वाच."

"रूबेन सी. विदाल. बॅनर शिवणारा."

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. त्याने हात सोडवून घेतला. शेवटी त्याने टाळ्याही वाजवल्या नाहीत, गाडीत खिडकीकडे तोंड करून बसला. मला वाटलं, भरून आलंय. घरी येऊन मी मिलिंदला कौतुकाने सांगितलंसुद्धा, की आयुष्यात एक चांगलं काम केलं आज.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. तो कालच्याच शर्टात होता.

"विदाल कोण?"

"रूबेनचं आडनाव," मी म्हणाले.

"विदाल त्याची आई." तो ओरडत नव्हता, म्हणून मला भीती वाटली. "आमच्यात दोन आडनावं असतात. आधी बापाचं, मग आईचं. माणसाला हाक मारतात ती बापाच्या. तो रूबेन कार्कामो होता. इथे लाँड्रीत, दवाखान्यात, थडग्याच्या दगडावर, सगळीकडे कार्कामो."

आणि मग त्याने उंबऱ्यात उभं राहूनच सांगितलं. रूबेनचं कळलं तेव्हा त्याच्या आईने त्याला घराबाहेर काढलं. म्हणाली, माझं नाव पुन्हा लावू नकोस. बाप, आर्तुरो कार्कामो, गावात मानाने 'दोन आर्तुरो', म्हणजे आर्तुरोराव, सुतार होता, बायकोपुढे कधी न बोलणारा. तेव्हाही बोलला नाही. पण पोराची बॅग त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि बसच्या अड्ड्यापर्यंत, पाऊस पडत असताना, तासभर चालला. रूबेनला बॅगेला हात लावू दिला नाही. बस हलली तरी तो तिथेच उभा होता. रूबेनने त्याला पाहिलं ते शेवटचं.

"त्या बाईचं नाव पडद्यावर," एलिसेओ म्हणाला, "आणि त्या माणसाचं कार्कामो म्हणजे नुसतं एक अक्षर, सी. एक अक्षर आणि ठिपका."

मी चुकले म्हणाले. आमच्याकडे मधलं नाव बापाचं असतं, आणि मधलं नाव म्हटलं की छापणारे ते एका अक्षरावर आणतात, मी विचारायला हवं होतं, वगैरे वगैरे.

"तुमचे बाप मधे असतात म्हणून जगातल्या सगळ्यांचे बाप मधे?"

कोंडीत सापडले की मी टोचते. मी म्हटलं, "मग विदाल सांगितलंसच कशाला? रूबेन तर लावत नव्हता."

तो जरा मागे सरकला. "कारण चांगली असो, वाईट असो, त्याला आई होती. मला पुरा माणूस लिहायचा होता." एवढं बोलून तो गेला.

मी टेसाला फोन केला. ती कळवळली. सिनेमा बाहेर गेला होता, पण संग्रहात ठेवायची प्रत आणि पुस्तकाची पुढची छपाई दुरुस्त करता येणार होती. अडचण एकच. मेलेल्या माणसाचं नाव एकदा दिल्यावर पुन्हा बदलायचं तर घरच्यांचं पत्र लागेल, असं तिच्या वरच्यांनी सांगितलं होतं.

"घरचा म्हणजे एलिसेओच की!" मी फोनवर ओरडले. "हागणं-मुतणं काढलंय त्याने!"

"आय नो, सुजाता. आय'म सो सॉरी. पण रक्ताचं नातं लागेल."

हे मी एलिसेओला सांगितलं तेव्हा तो जे बोलला ते छापता येणार नाही. जिने दार लावलं ती घरची आणि मी मित्र, एवढा त्याचा मथितार्थ. पण मी गप्प बसणारी नव्हते, घाण मीच करून ठेवली होती. इंटरनेटवर चार दिवस खटपट करून मी ओसोर्नोतली रूबेनची भाची शोधून काढली. तिने लगेच उत्तर दिलं. आजोबा फार पूर्वी गेले. आजी आहे, नव्वदी उलटली आहे, ऐकू येतं, आठवतं. फोन करा.

एलिसेओने माझ्या तोंडावर दार आपटलं. दहा दिवस त्याने माझ्याकडे बघितलं नाही. अकराव्या दिवशी सकाळी दहाला तो कोट घालून माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

"लाव फोन. तोंड दाखवू नको तिचं."

तिकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ होती. मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर पालथा ठेवला. आधी भाची बोलली, मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग एक बारीक, सुकलेला आवाज. मला त्यांची भाषा येत नाही. नावं तेवढी कळत होती. एलिसेओ नोटीस वाचून दाखवावी तसा बोलत होता, हात मांडीवर, पाठ ताठ. सिनेमा, फोटो, नुएवा सेलांदिया म्हणजे न्यूझीलंड. मग त्याने सांगितलं, पडद्यावर काय लिहिलंय ते: रूबेन विदाल.

 मला वाटलं लाइन तुटली. मी फोनकडे हात नेला तर त्याने माझं मनगट धरलं. मग म्हातारी काहीतरी बोलली. अगदी थोडं, शेवट वर गेलेला, प्रश्नासारखा.

 कारखान्यातल्या त्या जाड बोटांनी एलिसेओने माझं मनगट इतकं दाबलं की वळ उठले. शेवटी म्हणाला, "सी, सेन्योरा." आणि पुढे एक वाक्य. म्हातारी रडायला लागली. भाचीने फोन घेतला, काहीतरी विचारत राहिली. एलिसेओ लाल बटण शोधत होता, त्याला दिसेना, म्हणून मी बंद केला.

"देणार का पत्र?"

"मागितलंच नाही."

"मग काय म्हणाली ती?"

"म्हणाली, त्याने माझं नाव लावलं?"

"आणि तू?"

"हो म्हणालो. शेवटपर्यंत लावलं म्हणालो."

मला रडू फुटलं. मी म्हणाले, "चांगलं केलंस, एलिसेओ."

तो खुर्ची मागे लोटून उठला. "चांगलं? आयुष्यभर मी खोटं लिहिणाऱ्यांना शिव्या दिल्या. आणि मीच काय केलं? एका थेरड्या बाईला बरं वाटावं म्हणून ती बॅग वाहणाऱ्या माणसाला विकलं. टेसाला सांग, काही बदलू नका. आहे तेच राहू दे. आणि तू." त्याने टोक नसलेलं बोट माझ्यावर रोखलं. "तुला अजिबात बरं वाटायला नको. हे तुझ्या हाताने झालंय. आता माझ्याशी बोलू नकोस."

तो खरंच पुन्हा बोलला नाही. सात आठवड्यांनी हॉस्पिटलमध्ये दाखल झाला, तिथेही त्याने मिलिंदला आत येऊ दिलं, मला नाही. तिथून तो परत आला नाही, त्याला आता वर्ष होईल. त्या पुस्तकाची दुसरी छपाई निघाली. माझ्याकडे आहे, फोटोखाली विदालच आहे.

मी त्याला शेवटचं नीट पाहिलं ते त्या सकाळीच, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून. तो घरी गेला नव्हता. ड्राइव्हवेच्या मधोमध कोट घातलेला उभा होता, डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरलेली. मागून तिसऱ्या युनिटवाल्याची गाडी आली, हॉर्न वाजला, हा हलला नाही. मान खाली घालून, समोर कुणी वडीलधारं उभं असावं तसा, तो हळू आवाजात माफी मागत होता. खिडकी उघडी होती. मला त्यातलं एवढंच कळलं: पेर्दोन, दोन आर्तुरो. पेर्दोन.